दुखत असताना घेऊन या

मी प्रोब बोलतोय. नुसतं नाव ऐकून काही डोळ्यांसमोर आलं नसेल तर सांगतो. सोनोग्राफी करताना डॉक्टर पोटावर गार, बुळबुळीत जेल लावतात आणि मुठीत मावेल अशी एक वस्तू त्यावरून फिरवतात ना, ती वस्तू म्हणजे मी. खोलीत आलेला प्रत्येक जण पडद्याकडे बघतो. माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. पण पोटाला चिकटून काम करतो तो मीच.

पोटाच्या आत बघायला माझ्याकडे डोळे नाहीत. मी हाक मारतो आणि परत आलेला पडसाद ऐकतो, एवढंच मला येतं. माझी हाक इतकी तीव्र असते की माणसाच्या कानाला ती ऐकूच येत नाही. हाड ती हाक जोरात परत फेकतं. हवा तिचा पार चुथडा करते. यकृत, मांस, चरबी आपापल्या परीने उत्तर देतात. पाणी मात्र गप्प बसतं. म्हणून जिथे पाणी, तिथे पडद्यावर काळं कुळकुळीत.

माझा जन्म एका पांढऱ्याशुभ्र खोलीत झाला. तिथे एक बाई दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसायच्या. माझी हाक जिच्यातून निघते त्या पट्टीचे त्यांनी केसाइतके बारीक शंभरावर तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्याला तार जोडली. एक तार निसटली तेव्हा त्यांनी स्वतःशीच ‘च्च’ केलं आणि ती पुन्हा पहिल्यापासून जोडली. संध्याकाळी मान चोळत त्या घरी गेल्या. आमची गाठ पुन्हा पडली नाही. त्या दिवशी त्यांनी ‘चालतंय’ म्हटलं असतं, तर पुढचं काहीच मी तुम्हाला सांगू शकलो नसतो. माझे पहिले आभार त्यांचे.

तिथून मी आलो तो थेट लहान मुलांच्या दवाखान्यात. तळमजल्यावर शेवटची खोली. एक पलंग, एक फिरती खुर्ची, कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन आणि त्याचा सदा ठिबकणारा नळ. तिथे दोघींचं राज्य होतं. एक डॉक्टरीणबाई, ज्यांना सगळे ‘मॅडम’ म्हणायचे. दुसऱ्या मावशी, म्हणजे मुलांना आत घेणाऱ्या, पलंगावर निजवणाऱ्या आणि काम झालं की मला पुसून जागेवर ठेवणाऱ्या. मॅडम कमी बोलायच्या. ती कसर मावशी भरून काढायच्या.

“मॅडम, बाहेर अकरा जण आहेत आणि त्यातले नऊ रडतायत.”

“आणि उरलेले दोघं?”

“ते आई-बाप आहेत. ते अजून आवरून धरतायत.”

मॅडमचा हात मला पहिल्या दिवसापासून आवडला. काही हात मला पोटात रुतवतात, जणू आतलं काही पळून जाणार आहे. मॅडम आधी मला नुसतं टेकवायच्या. मूल श्वास सोडेपर्यंत थांबायच्या. मग हळूच दाबायच्या.

त्यांच्या हातात राहून मला एक गोष्ट कळली. मूल ‘पोट दुखतंय’ म्हणतं तेव्हा ते आपल्याजवळ असलेला एकमेव शब्द वापरत असतं. कुठेही दुखलं तरी त्याचं पोटच दुखतं. एकदा पाच वर्षांचा एक मुलगा आला. अपेंडिक्स असावं म्हणून चिठ्ठी होती. मॅडमना खाली काही सापडेना. दुसरं कुणी असतं तर थांबलं असतं. मॅडमनी मला सरकवत सरकवत बरगड्यांच्या खाली नेलं आणि वरच्या दिशेने वळवलं. तिथे फुप्फुसातल्या हवेने माझी हाक उधळून लावायला हवी होती. पण मला तर घट्ट, स्पष्ट उत्तर आलं! फुप्फुसाचा खालचा भाग न्यूमोनियाने भरला होता. पोट बिचारं उगाच बदनाम झालं होतं.

दुसऱ्या एकीच्या जठरात मला एक चमकती कमान लागली आणि तिच्यामागे काहीच नाही, नुसती सावली. मॅडमनी घरच्यांना बाहेर बसवलं आणि त्या मुलीला विचारलं, “केस खातेस का गं?” तिने खाली बघत होकारार्थी मान हलवली. घर बदलल्यापासून ती रोज आपल्या वेणीची टोकं गिळत होती. पोटात केसांचा गोळा झाला होता. तिच्यावर कुणी ओरडलं नाही. मॅडमनी तशी तंबीच दिली होती सगळ्यांना.

तर अशा आमच्या मॅडम. पण त्यांच्या आणि माझ्या हातूनही एकदा चूक झाली.

ती मुलगी नऊ वर्षांची होती. घरी तिला भिंगरी म्हणायचे, कारण ती एका जागी दोन मिनिटं टिकायची नाही. सोबत आई होती. कपडे शिवून द्यायचं काम करणारी, बोटाला सुईचे वण असलेली. वडील प्लंबर. त्या दिवशी ते कामावर होते. भिंगरीच्या पोटात दोन वर्षांपासून अधूनमधून कळा यायच्या, कधी उलटी व्हायची. तास-दोन तासांत सगळं आपोआप थांबायचं. गंमत म्हणजे हे सगळं शाळेत व्हायचं. रविवारी नाही, सुट्टीत नाही. त्यामुळे सगळ्यांनी जो अर्थ काढायचा तो काढला होता.

“मॅडम, हिचे बाबा म्हणतात नाटक करते,” आई दबक्या आवाजात म्हणाली. “शाळेतल्या बाईंनीही वहीत तेच लिहून पाठवलंय. मला काही समजेनासं झालंय.”

भिंगरी सकाळपासून उपाशी होती. पाण्याचा घोटसुद्धा घेतलेला नव्हता, कारण चिठ्ठीवर तसं लिहिलं होतं. मी तिचं सगळं पोट पालथं घातलं. यकृत, पित्ताशय, दोन्ही किडन्या, आतडी. सगळीकडून उत्तरं आली, सगळी बरोबर आली. मॅडमनी रिपोर्ट लिहिला, ‘सर्व व्यवस्थित’. उठता उठता त्या आईला म्हणाल्या, “दुखत असताना घेऊन या. केव्हाही या, थांबवणार नाही.”

रिपोर्टमध्ये एकही अक्षर खोटं नव्हतं. तरी त्याने त्या मुलीचं वाटोळं केलं. हे मला पुढच्या वेळी कळलं, आईच्या तोंडून. वडिलांनी तो कागद घरी भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला होता. भिंगरी पोट धरून बसली की ते बोट दाखवायचे. “ते बघ. मशीनने सांगितलंय. मशीन खोटं बोलत नाही.”

एकदा कळा सुरू असताना ती शाळेच्या फाटकातून परत फिरली. वडिलांनी तिला दंडाला धरून पुन्हा वर्गात नेऊन बसवलं. ती बाकावरच ओकली. त्यानंतर तिने सांगणंच बंद केलं. दुखायला लागलं की ती ओठ दाबून बसायची आणि वहीच्या कोपऱ्यात गोल गोल काढत राहायची. आईला सगळ्या वह्यांवर ते गोल दिसले. तिने शाळेच्या शिपाईकाकूंना गाठलं. “हिने पोट धरलं की मला फोन करा,” म्हणाली. आणि फोन आला तशी हातातलं काम टाकून निघाली.

पण दवाखान्यात पोहोचेपर्यंत दुखणं ओसरलं होतं. आल्या आल्या भिंगरी स्वच्छतागृहात गेली ती बराच वेळ बाहेर येईना.

“अगं, नळ सोडलास की काय आत?” मावशींनी दारावरून विचारलं.

ती बाहेर आली. चेहरा थकलेला, पण दुखणं गेलेलं. आई रडकुंडीला आली. “बघा ना, परत थांबलं! आता ह्यांना काय सांगू मी?”

मॅडमनी तिला पलंगावर घेतलं. कुशीवर वळवून मला डाव्या बाजूला टेकवलं. आणि त्यांचा हात थबकला. डाव्या किडनीच्या मधोमध, जिथे लघवी गोळा होऊन खाली उतरते त्या पिशवीत, थोडा काळोख होता. फार नाही, करंगळीच्या टोकाएवढा. मागच्या वेळी तो नव्हता. एवढं पाणी बऱ्याच मुलांत दिसतं आणि त्याचं काही नसतं. मॅडमनी मोजलं, पुन्हा मोजलं. मग मला जागेवर ठेवून खुर्ची पुढे ओढली आणि त्या भिंगरीच्या डोळ्यांच्या पातळीवर येऊन बसल्या.

“आता तू सांग. आई नाही, तू. दुखायच्या आधी काय होतं?”

भिंगरीने आईकडे बघितलं. तिला असं कुणी विचारलंच नव्हतं. ‘कुठे दुखतं’ विचारलं होतं, ‘खरंच दुखतं का’ तर शंभरदा.

“पाण्याची घंटा होते,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“शाळेत घंटा वाजते. मग सगळ्यांनी पाणी प्यायचं. बाई म्हणतात, अख्खी बाटली संपवायची. मी एका दमात संपवते, माझा पहिला नंबर असतो.” मग जरा थांबून म्हणाली, “त्याच्यानंतर गणित असतं. म्हणून बाबा म्हणतात, गणित नको असतं.”

“आणि रविवारी?”

“रविवारी मी पाणीच पीत नाही,” भिंगरी म्हणाली. “आई मागे लागते, पण खेळताना कुठे लक्षात राहतं?”

मावशींच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.  मॅडमनी खुर्ची आणखी पुढे ओढली. मग म्हणाल्या, “शनिवारी सकाळी ये. बाटली घेऊन ये. इथेच घंटा वाजवू. पण नीट ऐक, कदाचित दुखेल. चालेल तुला?”

“दुखू दे,” भिंगरी म्हणाली. “पण बाबांना बोलवा.”

शनिवारी तिघंही आले. वडील दारातच उभे राहिले. उंच, रापलेले, खिशात पान्हा. माणूस वाईट नव्हता. स्वतःची शाळा सातवीत सुटली होती, आणि मुलीचीही हळूहळू सुटतेय या धास्तीने तो आतून पोखरला होता. त्यांची नजर आधी माझ्याकडे नाही, पडद्याकडेही नाही, कोपऱ्यातल्या नळाकडे गेली.

“वायसर गेलाय,” ते पुटपुटले.

“आता नाही हो!” आई म्हणाली.

भिंगरीने पाणी पिण्याआधी मॅडमनी मला फिरवलं. डावी किडनी जवळजवळ रिकामी. त्या पिशवीच्या रुंदीचा आकडा त्यांनी मोठ्याने सांगितला, “आठ मिलिमीटर.” मग मावशींनी स्टीलच्या ट्रेवर चमचा आपटला. टण्ण! भिंगरी खुदकन हसली आणि अख्खी बाटली तिने एका दमात संपवली. पहिला नंबर.

पंधरा मिनिटांनी मी पुन्हा तिच्या कुशीला टेकलो. बारा. वडील हाताची घडी घालून उभे. पंचवीस मिनिटांनी अठरा. भिंगरीची चुळबुळ थांबली. जी मुलगी दोन मिनिटं टिकत नाही ती पुतळ्यासारखी पडून राहिली. तिच्या पोटाचे स्नायू माझ्याखाली दगडासारखे झाले. मी हाक मारली आणि जिथून उत्तर यायला हवं तिथून काहीच आलं नाही. त्या जागेत गच्च पाणी भरलं होतं. पडद्यावर एक काळा, फुगलेला फुगा आणि त्याच्या कडेला चेपलेली किडनी. एकतीस मिलिमीटर.

भिंगरीचं कपाळ घामाने भिजलं होतं. तिने दात आवळले, आणि त्या दुखण्यातच तिचा चेहरा उजळला.

“आलं!” ती ओरडली. “बाबा, आलं! बघा आता!”

पोट दुखायला लागलं म्हणून आनंदलेलं मूल मी त्याआधी पाहिलं नव्हतं, पुढेही नाही. दोन वर्षं तिच्याजवळ पुरावा नव्हता. आता होता, आणि सगळ्यांच्या समोर होता.

वडील पडद्याजवळ आले. मॅडम समजावून सांगायला लागणार तोच तेच बोलले, अगदी हळू. “वरून पाणी येतंय, खाली निचरा नाहीये. टाकी तुंबतेय. निघायच्या तोंडाशीच पाइप दबलाय कुठेतरी.”

“अगदी बरोबर,” मॅडम म्हणाल्या. “थोडं थोडं पाणी असलं तर उतरतं. एकदम आलं की तोंडाशी अडतं. मग किडनी ताणली जाते आणि अशी कळ येते. नंतर हळूहळू वाट मोकळी होते, भरपूर लघवी होते, दुखणं थांबतं. मागून तपासलं तर सगळं व्यवस्थित दिसतं.”

“आणि असंच चालू राहिलं असतं तर?”

“तर काही वर्षांनी ही किडनी गेली असती.”

वडील पलंगाशेजारी फरशीवरच बसले. त्यांनी लेकीचा हात धरला. “त्या दिवशी फाटकापासून मी तुला…” 

“बाबा, आता रागवू नका हं,” भिंगरी कळ सोसत म्हणाली. “खूप दुखतंय.”

“नाही गं, बाळा. नाही रागवत.”

मावशी भिंतीकडे तोंड करून उगाचच ट्रे पुसत बसल्या. मॅडमनी दुखणं थांबवायचं इंजेक्शन मागवलं आणि वरच्या मजल्यावरच्या मुलांच्या डॉक्टरांना खाली बोलावून घेतलं. ते येईपर्यंत त्यांनी मला हलवलं नाही. मी तिच्या कुशीला टेकून होतो. खरं म्हणजे आता माझं काही काम नव्हतं. तरी मला तिथून उठवलं नाही, याचं मला आजही समाधान वाटतं.

पुढे मोठ्या दवाखान्यात आणखी तपासण्या झाल्या. किडनी दमली होती, पण वाचण्याजोगी होती. मुलांच्या सर्जननी ऑपरेशन केलं. किडनीतून निघणाऱ्या नळीवरून एक रक्तवाहिनी आडवी गेली होती, जन्मापासूनच. पाण्याने पिशवी फुगली की नळी तिच्यावर मुडपायची. त्यांनी नळीचा चेपलेला भाग काढला आणि उरलेली टोकं रक्तवाहिनीच्या पुढच्या बाजूने जोडून दिली. वडिलांनी म्हणे सर्जनना विचारलं, “सांधा कसा केलात? गळणार नाही ना?” सर्जन हसले नाहीत. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं, आणि दोघं बराच वेळ त्या कागदावर डोकी लावून उभे होते.

तीन महिन्यांनी भिंगरी आमच्याकडे आली. बाटली प्यायली, आम्ही वाट बघितली. पंधरा मिनिटं. अर्धा तास. पाऊण तास. आकडा दहाच्या आसपास घुटमळत राहिला.

“कंटाळा आला,” भिंगरी म्हणाली. “जाऊ का खेळायला?”

इतकं गोड वाक्य त्या खोलीत क्वचितच कुणी बोललं असेल. ती बाहेर पळाली. वडील मात्र आत थांबले, खिशातून पान्हा काढला आणि कुणाला न विचारता बेसिनसमोर वाकले. दहा मिनिटांनी ते ठिबकणं थांबलं.

“आता झोप येईल मला इथे,” मावशी म्हणाल्या.

त्या दिवसापासून मॅडमच्या रिपोर्टात एक ओळ वाढली. नुसतं ‘सर्व व्यवस्थित’ लिहून त्या कधी थांबल्या नाहीत. ‘तपासणीच्या वेळी दुखत नव्हतं, दुखत असताना पुन्हा दाखवावं,’ असं त्या स्वतःच्या हाताने खाली लिहायच्या, छापील शिक्का वापरायच्या नाहीत. त्या ओळीचा हात धरून कितीजण परत आले! एकाचं आतडं आतड्यात शिरायचं आणि आपोआप सुटायचं. एका मोठ्या मुलीची अंडाशयाची गाठ पीळ घ्यायची आणि सैलावायची. दोघंही आधी ‘नाटकी’ ठरले होते.

माझे दिवसही भरत आले. एका तान्ह्याने अशी लाथ झाडली की मी मॅडमच्या हातातून सुटून फरशीवर आदळलो. माझे काही तुकडे तिथेच मुके झाले आणि माझ्या चित्रात एक उभी काळी रेघ पडली. पाण्याचा काळोख आणि माझा स्वतःचा काळोख यात गफलत होऊ लागली, तेव्हा मॅडमनी स्वतःच सांगितलं, “आता हा मुलांवर नको.” मावशींनी मला शेवटचं पुसलं. वायरसुद्धा, पार टोकाच्या पिनेपर्यंत. मग दोन वर्षं मी एका कपाटात जुन्या फायलींच्या शेजारी पडून होतो. तिथे मला कुणी हात लावला नाही. हात लागायची सवय असलेल्याला ते फार जड जातं.

मग कुणाला तरी माझी आठवण झाली. आता मी शिकाऊ डॉक्टरांच्या वर्गात असतो. तिथे जिलेटिनची एक थलथलीत लादी असते, तिच्यात द्राक्षं लपवलेली असतात. नव्या मुली-मुलं ती माझ्या मदतीने शोधतात. शिकवायला कधीकधी मॅडम येतात. केस पिकलेत, हात तोच आहे.

तुम्हा सगळ्यांचे आभार मानून रजा घेतो. मागणं एवढंच आहे. घरातलं लेकरू पोट धरून बसलं, तर आधी त्याच्यासमोर बसा, त्याच्या उंचीला येऊन, आणि त्याला पूर्ण बोलू द्या. आम्ही यंत्रं नंतर आहोतच.

आज सकाळी एका मुलीने मला लादीवर इकडून तिकडे भराभरा फिरवलं आणि जाहीर केलं, “मॅडम, इथे काही नाहीये.”

“थांब,” मॅडम म्हणाल्या. “हात उचलू नकोस. जरासा तिरका कर. आणखी थोडा.”

तिने केला. मी हाक मारली. एका जागेवरून उत्तर आलं नाही, आणि माझ्या त्या काळ्या रेघेच्या अगदी शेजारी एक छोटासा गोल उमटला.

“आहे!” ती ओरडली.